रंगावर आवळलेली चाकं

आत्या चाक बसवत असली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा गॅरेजात नियम होता. नियम तिनेच केलेला, आणि मोडायचीही तीच. नट फिरवता फिरवता ती त्या नटांशीच बोलायची. "ये, बस. वाकडा बसू नकोस. हां, असा." बाजूला थांबलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं आपल्यालाच सांगतेय, आणि ते बिचारं स्टुलावर सावरून बसायचं.

ती सख्खी आत्या गॅरेजच्या मालकाच्या दोन मुलांची. मुलं मोठी होऊन नोकऱ्यांच्या गावी गेली, हाक तेवढी मागे राहिली. दूधवाल्यापासून हवालदारापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. मालक म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला ती दादा म्हणे. इंजिन दादाचं आणि चाकं आत्याची, ही वाटणी बावीस वर्षं विनाभांडण चालली होती.

लग्नानंतर दोन वर्षांत ती एक पेटी आणि एक शिलाई मशीन घेऊन परत आली होती. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "आटे जुळले नाहीत." सुरुवातीला गॅरेजच्या मागच्या खोलीत बसून ती सीटची कव्हरं शिवत असे. मग एकदा दादाची कंबर धरली. चाक उचलता येईना, आणि बाहेर चार गाड्या खोळंबलेल्या. आत्या मशीनवरून उठली, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "तू बसून सांग, मी करते." दादाने सांगितलं तेवढं तिने केलं. पुढे दादाला ठाऊक नव्हतं तेही शिकून घेतलं. गाडीबरोबर जे पुस्तक येतं ते मालक कधी उघडत नाही. आत्या ती पुस्तकं मागून घ्यायची आणि कुठल्या गाडीच्या नटाला किती बळ लागतं ते भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवायची. ती भिंत तिची. तिथे कॅलेंडर लावायचीसुद्धा दादाला परवानगी नव्हती.

तिची रीत ठरलेली. नट आधी नुसत्या बोटांनी लावायचा. बोटांनी तीन-चार फेरे सरळ गेला तर आटा खरा, पान्याने रेटून घुसवला तर आटा मेला. एक आवळला की शेजारच्याकडे जायचं नाही, समोरच्याकडे जायचं. "घरातही तसंच असतं," ती म्हणायची. "एकाच बाजूचं ऐकत गेलात तर दुसरी बाजू उचलते. मग सगळंच डुगडुगतं." सगळे नट बसले की जॅक उतरवून चाक जमिनीला टेकवायचं आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने करायचं. हा पाना लांब दांड्याचा. जेवढं बळ ठरवून द्याल तेवढं पडलं की 'कट्' वाजतो आणि हाताला बारीक झटका देतो. तिथे थांबायचं. पण गिऱ्हाइकांना वाटतं, जितकं घट्ट तितकं चांगलं. "उभ्या राहा ना आत्या पान्यावर," म्हणायचे. आत्या म्हणायची, "नट आहे तो, वैरी नाही."

तर अशा बाईच्या हातची चाकं ढिली निघाली.

गाडी एका टॅक्सीवाल्याची होती. त्याला सगळे घाईभाऊ म्हणत, कारण चहासुद्धा तो उभ्यानेच प्यायचा, इंजिन चालू ठेवून. गाडी जुनी, पण सीट नवी केली, काचा नव्या केल्या, राहिले होते गंजलेले रिम. आत्याच त्याला म्हणाली, "आमच्या पेंटरकडून रंगवून घ्या. हात सोन्याचा आहे त्याचा." पेंटर म्हणजे वहिनीचा धाकटा भाऊ. एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या मशीनवर छापून यायला लागल्या तसा तो घरी बसला. वर्षभर ब्रशला रंग लागला नव्हता. त्याने चारही रिम नेले आणि चार दिवसांनी खांद्यावरून आणून मांडले, एकेक करून, ताटं मांडावीत तसे. चंदेरी रंगाचे तीन हात, खाली अस्तर.

"आतून, बाहेरून, भोकांच्या कडांपर्यंत," पेंटर म्हणाला. "एक जागा सोडली नाही."

आत्याने रिम उचलून उन्हात फिरवला. तिचं तोंड त्यात दिसलं. "पेंटरसाहेब, हा रिम आहे की आरसा?" ती म्हणाली, आणि पेंटरच्या चेहऱ्यावर वर्षभराने हसू आलं.

त्याच दिवशी टायर चढवून तिने चाकं बसवली. चार चाकं, सोळा नट, सोळा वेळा कट्.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाईभाऊ आला तो बैलगाडीच्या वेगाने. घाईभाऊ सावकाश येतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांनी ओळखलं. उतरला आणि दार असं आपटलं की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला.

"आत्या, मला मारायचं होतं का?" तो म्हणाला. "पुलावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. खाली उतरून बघतो तर डाव्या पुढच्या चाकाचे नट बोटांनी फिरतात. बोटांनी!"

आत्याचा चेहरा उतरला. "मी सोळाही कट् ऐकले."

"ऐकले असतील. वय झालं की कान वाजतात."

गॅरेजात त्या वेळी चार-पाच माणसं होती. त्यात एक दवाखान्याचा मॅनेजर होता, आणि नेमकी तीच दादाची अडचण. दवाखान्याच्या सहा व्हॅनचं काम मिळावं म्हणून दादा महिनाभर त्याच्या मागे होता. आज कुठे तो स्टुलावर येऊन बसला होता. त्याने भुवया वर केल्या आणि विचारलं, "चाकं या बाई बघतात?"

दादाने हातातलं फडकं बोनेटवर टाकलं. "बघायची," तो म्हणाला. मग आत्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आजपासून तू चाकांना हात लावायचा नाहीस. काउंटरवर बैस. फोन घे."

आत्या काउंटरकडे वळली. नट ढिले होते, ही गोष्ट खरी होती. दादाने साध्या पान्यात हातभर लांब पाइप घातला आणि एकेका नटावर सगळं अंग टाकून चारही चाकं पिळली. डाव्या चाकाचा एक नट कडेने खराब दिसला, तो फेकून दुसरा लावला. पाइप कुरकुरला, दादाच्या मानेची शीर फुगली. "याला म्हणतात आवळणं!" घाईभाऊ म्हणाला आणि निघून गेला. जाता जाता, उद्या दहाला एका म्हाताऱ्या बाईंना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, दोनशे किलोमीटर, म्हणून आजच नीट करून घेतलं, असंही चार जणांना सांगून गेला.

आत्या काउंटरवर बसली. फोन वाजला तर घेत होती. दुपारी वहिनी चहा घेऊन आली. "वन्सं, चला, तेवढीच विश्रांती," ती चांगल्या मनानेच म्हणाली, पण ते ऐकून आत्याला जास्तच लागलं. विश्रांती हवी होती कुणाला? बावीस वर्षं लोक तिच्याकडे गाडी सोडून बिनघोर जात होते. आता कानांचं नाव निघालं होतं. कुणी बघत नाही असं पाहून तिने पाना शिकंजात पकडलेल्या नटाला लावला, डोळे मिटले आणि ओढला. कट्. परत ओढला. कट्. स्पष्ट ऐकू आला, हातालाही झटका बसला. मग त्या दिवशी काय झालं? एखादा नट राहून गेला? कुणी मध्येच हाक मारली? ती आठवून आठवून थकली. जे आठवत होतं त्यावरचाही तिचा विश्वास उडत चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गॅरेज झाडायला घेतलं. झाडायला काही चाकं बघावी लागत नाहीत. कोपऱ्यात केराबरोबर दादाने कालच फेकलेला नट आला. नट कधी कचऱ्यात टाकायचा नाही ही तिची सवय, म्हणून डब्यात टाकायला उचलला. नटाचं तोंड निमुळतं असतं, रिमच्या भोकात ते पेल्यात पेला बसावा तसं बसतं. त्या निमुळत्या तोंडाभोवती चंदेरी वळं होतं. आत्याने नख लावलं. वळं सालीसारखं सुटून आलं. त्याखाली अस्तराचा तपकिरी थर, तोही मऊ.

ती झाडू टेकवून तिथेच उभी राहिली.

नट लोखंडावर बसलाच नव्हता. तो रंगावर बसला होता. पाना कट् वाजला तो खराच, पण वाजला रंगाच्या जोरावर. गाडी चालली, ब्रेक तापले, रंग मऊ झाला, दबून बाजूला सरकला, आणि जेवढा रंग सरकला तेवढा नट ढिला. रिमच्या पाठीलाही तीन हात दिलेले, तिथेही तेच. तिचे कान शाबूत होते. हातही शाबूत होता.

आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. दादाने काल आवळलं तेही रंगावरच. पाइप लावा नाहीतर हत्ती लावा, उरलेला रंग दबणारच. आज ना उद्या ती चाकं पुन्हा ढिली होणार, घाईभाऊ पुन्हा दार आपटणार, आणि या खेपेला दादाचं नाव घेऊन. चारचौघांत. आत्याने तोंडही उघडायची गरज नव्हती. नुसतं काउंटरवर बसून राहायचं होतं, बसवलं होतं तसं.

हा विचार तिच्या मनात किती वेळ राहिला ते तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. कपभर चहा निवण्याइतका वेळ तरी नक्कीच राहिला. मग तिची नजर घड्याळाकडे गेली. साडेनऊ. दहाला घाईभाऊ म्हातारीला घेऊन निघणार.

तिने फोन लावला. घाईभाऊ गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही एकच शहाणी सवय त्याला होती. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"दादा," ती बोनेटपाशी जाऊन म्हणाली, "घाईभाऊची चाकं परत ढिली होणार. नट रंगावर बसलेत."

दादाने डोकं वर काढलं. "काल कान, आज रंग. अगं, चूक झाली म्हण आणि मोकळी हो!"

"हा नट बघ."

"रंग माझ्या मेव्हण्याने दिलाय, कळतंय का?" तो आवाज खाली आणून म्हणाला, पण दारात वहिनी उभी होती आणि तिने ऐकलंच. "वर्षभराने त्याने ब्रश उचललाय. आता त्याच्या माथी मारतेस?"

आत्याने नट त्याच्या तळहातावर ठेवला. टॉर्क पाना घेतला, जॅक घेतला, जुना चाकू आणि पॉलिश पेपरचे चार तुकडे घेतले आणि स्कूटरला पिशवी अडकवली.

"चाकांना हात लावायचा नाही म्हणालो होतो," दादा मागून म्हणाला.

"तुझ्या गॅरेजातल्या चाकांना. ती रस्त्यावर आहेत."

म्हातारीचं घर तिला ठाऊक होतं. ती पोचली तेव्हा घाईभाऊ डिकीत बॅग कोंबत होता. म्हातारी काळा चष्मा लावून फाटकापाशी खुर्चीवर बसली होती आणि तिची लेक कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती.

"आत्या, आता काय?" घाईभाऊ म्हणाला. "माफी मागायची तर संध्याकाळी मागा. दहा वाजले."

"दोन मिनिटं. पाना लावून बघते. नाही हलला तर जा, माझं तोंड काळं."

"दादांनी पाइप लावून आवळलंय!"

"म्हणून तर बघायचं."

तिने डाव्या पुढच्या चाकाच्या पहिल्या नटाला पाना लावला आणि ओढला. पाना वाजला नाही. नट फिरला, चांगला पाव फेरा फिरला आणि मग कट् झालं. दुसरा तसाच. तिसरा त्याहून जास्त. घाईभाऊने हातातली किल्ली खिशात ठेवली. पहिल्यांदाच त्याला घाई नव्हती.

"दादांचेही ढिले?" तो हळूच म्हणाला.

"कुणाचेही होतील. बसायची जागाच खरी नाही." तिने त्याला नखाने रंगाची साल काढून दाखवली. "चाकं काढावी लागतील. चारही. लोखंड दिसेपर्यंत रंग खरवडायचा."

लेक घड्याळ बघून कळवळली. "बारावा नंबर लागलाय हो आमचा. उशीर झाला तर डॉक्टर…"

"उशिराचा फोन कर," म्हातारी खुर्चीतून म्हणाली. "डोळे उद्याही करता येतील. मान मोडली तर कोण जोडणार?"

पहिलं चाक निघालं तेवढ्यात सायकलवरून पेंटर आला. वहिनीने त्याला फोन केला होता. धापा टाकत त्याने सायकल भिंतीला टेकवली, उघडं पडलेलं चाक पाहिलं, दबलेला रंग पाहिला. आत्याला वाटलं तो भांडेल. तो खाली बसला आणि हात पुढे केला. "चाकू द्या. मी लावलाय, मीच काढतो."

"पेंटर, तुझी चूक नाही ही," आत्या म्हणाली.

"एक जागा सोडली नाही म्हणून मिरवत होतो मी."

"सोडायची असते हे तुला कोण सांगणार होतं? सांगायचं काम माझं. रिम माझ्या हातात होता, बसायची जागा बघायची सोडून मी त्यात तोंड बघत बसले."

आपलाच चंदेरी रंग पेंटर खरवडत राहिला, भोकांच्या कडेचा आणि पाठीच्या सपाट गोलाचा, तेवढाच. बाहेरच्या रंगाला त्याने ओरखडाही येऊ दिला नाही. घाईभाऊ पॉलिश पेपर घासत होता आणि लेकीला धीर देत होता, सोळाच नट आहेत, आत्ता होईल. आत्या एकेक चाक चढवत होती, बोटांनी नट लावून, समोरासमोर घेऊन. सगळी चढली, चारही जमिनीला टेकली, तशी ती पाना घेऊन गाडीभोवती फिरायला लागली. कट्. कट्. म्हातारीला दिसत नव्हतं, पण ती मान कलती करून ऐकत होती.

घाम डोळ्यांत गेला म्हणून आत्या थांबली, चेहरा पुसला आणि पाना पिशवीत ठेवायला वळली.

"पंधराच झाले," म्हातारी म्हणाली.

"काय?"

"ते कट्. पंधराच झाले गं बाई. मगाशी हे टॅक्सीवाले म्हणाले ना, सोळा नट आहेत. एक राहिला."

आत्याने परत फिरून बघितलं. उजव्या मागच्या चाकाचा एक नट खरंच राहिला होता. तिने तो आवळला. कट् झालं तशी म्हातारीने मान डोलवली. "आता निघू या."

पाना आत्याने घाईभाऊला देऊन टाकला. त्या पान्याला तिच्याशिवाय कुणी हात लावल्याचं गॅरेजात कुणाला आठवत नाही. "पन्नास किलोमीटरवर थांबायचं आणि सगळ्यांना पुन्हा लावायचा. नट हलला तर हलू दे, कट् झालं की हात काढायचा. उगीच पिळायचं नाही."

"नाही पिळत," घाईभाऊ म्हणाला. मग गाडीत बसून, काच खाली करून, "ते कानांचं मी काल जे बोललो…"

"निघ आता. उशीर होतोय."

ती गॅरेजात परतली तेव्हा दादा काउंटरमागे उभा होता. समोर तो नट. त्यावरचा रंग त्याने नखाने सगळा काढलेला दिसत होता.

"माझेही ढिले निघाले?" त्याने विचारलं.

"पाव फेरा. काही त्याहून जास्त."

दादाने नट फिरवून पाहिला. मग म्हणाला, "बरं. उद्यापासून बघ तू चाकं."

"असं नाही," आत्या म्हणाली. "माझं चुकलं ते चुकलं. जागा बघायला हवी होती, नाही बघितली. ते मी घाईभाऊसमोर बोलले, पेंटरसमोर बोलले. तू मला चारचौघांत उठवलंस. बसवायचं तर चारचौघांत बसव. नाहीतर मी शिलाई मशीन पुसून ठेवलंय."

"आता त्या मॅनेजरला मी काय सांगू? चाकं ढिली निघाली, आणि एकदा नाही, दोनदा निघाली असं? सहा व्हॅन जातील हातच्या!"

"जातील कदाचित."

दादा पुटपुटत आत गेला. जेवताना वहिनी बोलली. "माझ्या भावाला घरी येऊन रडू आलं," ती म्हणाली. "मी म्हटलं कुणी बोललं का तुला? तर म्हणे, कुणीच बोललं नाही, म्हणूनच." आणि तिने आत्याच्या ताटात न विचारता वाढलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर पुन्हा आला. या खेपेला एक व्हॅन घेऊन आला होता, बघायला म्हणून. पंक्चरवाला होता, पाना परत द्यायला आलेला घाईभाऊ होता, आणखी दोघे होते. आत्या काउंटरवर बसून होती. मॅनेजरने एकदा तिच्याकडे बघितलं आणि दादाला विचारलं, "मग चाकांचं कसं काय करणार आहात?"

दादाने घसा खाकरला. हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"परवा मी हिला बोललो," तो म्हणाला, "ते न बघता बोललो. नट रंगावर बसले होते. मी पाइप लावून आवळले, माझेही सुटले. हिने शोधून काढलं, आणि गाडी रस्त्याला लागायच्या आत जाऊन धरली." एवढं बोलून त्याला दम लागला. "चाकं तीच बघणार. तुम्हाला पटत नसेल तर व्हॅन घेऊन जा."

घाईभाऊने तोंड उघडलं होतं, पण आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

मॅनेजर स्टुलावरून उठून काउंटरपाशी आला. "बाई, परवा चूक तुमची होती की नव्हती?"

"थोडी होती," आत्या म्हणाली. "बसायची जागा बघितली नाही."

"आता?"

"आता आधी बघते."

त्याने थोडा विचार केला. मग व्हॅनची किल्ली काउंटरवर ठेवली. "या एकीचं करा. बाकीच्यांचं नंतर बघू."

आत्या उठली. जॅक लागला, व्हॅनचं पहिलं चाक निघालं. तिने ते उजेडाकडे धरलं आणि नटांच्या पाचही जागांवरून सावकाश नख फिरवलं. एका जागी गंजाची पापडी निघाली. तिने ती पॉलिश पेपरने घासून काढली, फुंकर मारली, पुन्हा नख फिरवलं. चाक बसवलं, नट बोटांनी लावले, जॅक उतरवला. मग मागे न बघता हात पुढे केला. पाना दादाने आणून दिला.